नांदेड आणि लातूर मिळून जवळपास एक सिंगापूर! लोकसंख्येची घनता म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या वाट्याला किती गुंठे येतात?

नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार. लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्ही आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. त्यांची बेरीज होते ५८ लाखांच्या थोडी वर. सिंगापूर या देशाची लोकसंख्या आज साधारण ६० लाख आहे, डेन्मार्कचीही तेवढीच. म्हणजे किनवट ते निलंगा एवढ्या पट्ट्यात जितकी माणसं राहतात, जवळजवळ तितक्याच माणसांचे जगात दोन श्रीमंत देश आहेत.

फरक जमिनीचा आहे. आपल्या दोन जिल्ह्यांचं क्षेत्रफळ मिळून १७,६८५ चौरस किलोमीटर भरतं. डेन्मार्ककडे ४३ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे आणि सिंगापूरकडे जेमतेम ७३५. समुद्रात भर घालून वाढवलेली जमीन धरूनही एवढीच. आपल्याकडचा एखादा मोठा तालुकाच त्यापेक्षा जास्त भरेल.

जगाची लोकसंख्या वाढतेय की थांबतेय, भारत चीनच्या पुढे गेला म्हणजे काय झालं, आणि या सगळ्याचा आपल्या गावच्या रेशन दुकानाशी, नळाला येणाऱ्या पाण्याशी काय संबंध? देशात नव्या जनगणनेचं काम होत असताना हे सगळं समजून घेऊया.

घनता म्हणजे काय? गुंठ्यात मोजून बघू

लोकसंख्येची घनता म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी किती माणसं राहतात तो आकडा. एकूण माणसं भागिले एकूण क्षेत्रफळ, बस. २०११ मध्ये नांदेडची घनता ३१९ होती, लातूरची ३४३. महाराष्ट्राची ३६५ आणि देशाची ३८२.

पण 'चौरस किलोमीटरला ३४३' असं म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून हा हिशेब उलटा करू. जिल्ह्यातली सगळी जमीन, म्हणजे शेत, माळ, रस्ता, तलाव, गावठाण सगळं धरून प्रत्येकाला सारखी वाटली, तर माणशी किती येईल?

लातूरमध्ये माणशी साधारण २९ गुंठे येतील, नांदेडमध्ये ३१. पाऊण एकराच्या आसपास. गडचिरोलीत घनता फक्त ७४ आहे, तिथे माणशी सव्वातीन एकर मिळेल. मुंबई उपनगर जिल्ह्यात अर्धा गुंठाही येत नाही, तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये २० हजारांहून जास्त माणसं राहतात. डेन्मार्कमध्ये पावणेदोन एकर, सिंगापूरमध्ये सव्वा गुंठा. बांगलादेशमध्ये नऊ गुंठ्यांच्या आत, कारण तिथे चौरस किलोमीटरला अकराशेहून अधिक माणसं आहेत. आणि मंगोलियात? तिथली अख्ख्या देशाची लोकसंख्या नांदेड जिल्ह्याएवढीच आहे, साधारण ३५ लाख, पण जमीन पंधरा लाख चौरस किलोमीटरहून जास्त. तिथे माणशी शंभर एकरांहून जास्त येईल. त्यातला बराच भाग वाळवंट आणि गवताळ माळ आहे, हे मात्र लक्षात ठेवायचं.

अंटार्क्टिका सोडून जगातली सगळी जमीन सगळ्यांना वाटली, तर प्रत्येकाला चार एकर येईल. हे वाचून आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटू शकतं, पण या चार एकरांत सहारा आहे, सायबेरिया आहे आणि हिमालयही आहे.

सरासरीचा घोळ

इंजिनिअरिंगला सरासरी शिकवताना एक विनोद हमखास सांगितला जातो: नदीची सरासरी खोली तीन फूट होती, तरी माणूस बुडाला. घनतेचं तसंच आहे.

इजिप्तचं उदाहरण घ्या. देश दहा लाख चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या साडेदहा कोटींच्या पुढे. म्हणजे घनता शंभरच्या थोडी वर, लातूरच्या एक तृतीयांश. कागदावर हा मोकळाढाकळा देश आहे. प्रत्यक्षात तिथली जवळपास ९५ टक्के माणसं नाईल नदीच्या काठावर आणि तिच्या मुखाजवळ, देशाच्या पाच टक्क्यांच्या आसपास जमिनीवर दाटीवाटीने राहतात. बाकी सगळी वाळू. म्हणून अभ्यासक नुसत्या घनतेबरोबर आणखी एक आकडा काढतात: दर चौरस किलोमीटर पिकाखालच्या जमिनीमागे किती माणसं? त्या हिशेबात इजिप्त जगातल्या सर्वांत दाटीच्या देशांमध्ये जातो.

नांदेडमध्येही हा फरक दिसतो. जिल्ह्याचे १६ तालुके आहेत. किनवट, माहूरकडे जंगल, डोंगर, आदिवासी पाडे. गोदावरीच्या काठाने नांदेड, मुदखेड, नायगाव, बिलोली, धर्माबाद असा सपाट काळ्या मातीचा पट्टा. आणि नांदेड-वाघाळा महापालिकेच्या हद्दीत साडेपाच लाख माणसं, म्हणजे जिल्ह्यातला दर सहावा माणूस. ३१९ हा आकडा यातल्या कोणत्याच गावाला पूर्णपणे लागू होत नाही.

किती माणसं म्हणजे 'जास्त'? लातूरच्या पाणी एक्स्प्रेसचा हिशेब

हा प्रश्न लातूरपेक्षा चांगला दुसरीकडे कुठे विचारता येणार नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, दहा वाघिण्यांची, साधारण पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिण्यांची 'जलदूत' सुरू झाली. एका फेरीला २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

आता भागाकार करा. लातूर शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. पहिल्या गाडीतलं पाणी माणशी सव्वा लिटर भरतं, पाण्याची एक बाटली आणि वर एक पेला. पन्नास वाघिण्यांची गाडी आली तरी माणशी सहा लिटर, घागरही भरत नाही. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष आहे माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलेली ती गाडी निकषाच्या पाच टक्केही पाणी देत नव्हती. त्या उन्हाळ्यात ती गाडी आधार नक्कीच होती, पण शहर तगलं ते टँकर, बोअर आणि लोकांच्या काटकसरीवर.

यात घनता कुठे आली? लातूर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ३४३ माणसं. नेदरलँड्समध्ये ५०० हून अधिक. सिंगापूरमध्ये आठ हजारांहून अधिक. तिथे पाण्याची रेल्वे धावत नाही. सिंगापूरकडे स्वतःची मोठी नदी नाही, तरी १९६२ च्या करारानुसार ते मलेशियातून पाणी घेतात (करार २०६१ पर्यंत आहे), सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात आणि समुद्राचं पाणी गोडं करतात. त्यामागे पैसा आहे आणि काही दशकांचं नियोजन आहे.

म्हणून 'लोकसंख्या वाढली म्हणून पाणी पुरत नाही' हे वाक्य अर्धंच खरं आहे. एका चौरस किलोमीटरला किती माणसं झेपतात, हे पाऊस किती पडतो, धरणात किती साठतो, त्यातला उसाला किती जातो आणि जलवाहिनीतून गळतो किती, यावरही ठरतं. उसाचा विषय काढला की आपल्याकडे वाद सुरू होतो, तो इथे नको. पण पिण्याच्या पाण्याच्या हिशेबात फक्त माणसं मोजून भागत नाही, एवढं नक्की.

जग वाढतंय, पण वेग उतरतोय

१५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकलं. या दोन बातम्या एकापाठोपाठ आल्याने लोकसंख्या बेफाम सुटली आहे असा समज पक्का झाला.

खरं चित्र वेगळं आहे. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. आज तो वेग एक टक्क्याच्या खाली आलाय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात जगाची लोकसंख्या १,०३० कोटींच्या आसपास शिखर गाठेल आणि मग हळूहळू उतरू लागेल. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटतेय. जपानची २००८ च्या सुमारास शिखरावर होती, तेव्हापासून उताराला लागली.

वेग समजायला एक सोपी युक्ती आहे. ७० ला वार्षिक वाढीच्या टक्क्याने भागा. उत्तर येईल ते लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. बँकेतली ठेव दुप्पट कधी होईल, याचाही अंदाज असाच काढता येतो.

नांदेड २००१ ते २०११ मध्ये १६.८६ टक्के वाढलं, म्हणजे वर्षाला सुमारे १.५७ टक्के. ७० भागिले १.५७, उत्तर साडेचव्वेचाळीस वर्षं. लातूर त्याच दहा वर्षांत सुमारे १८ टक्के वाढलं, तिथे उत्तर ४२ वर्षं. दोन्ही जिल्ह्यांची वाढ त्याच्या आधीच्या दशकात २३-२४ टक्क्यांच्या घरात होती. तो वेग टिकला असता तर बत्तीस-तेहतीस वर्षांत आकडा दुप्पट झाला असता. दहा वर्षांत एवढा फरक पडला.

दोनच मुलं, तरी लोकसंख्या का वाढते?

हा प्रश्न कमेंटमध्ये नेहमी येतो, आणि तो रास्त आहे.

एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, त्याला एकूण प्रजनन दर म्हणतात. तो २.१ असेल तर एक पिढी जाऊन तेवढीच दुसरी पिढी येते. आईवडिलांची जागा भरायला दोन, आणि काही मुलं मोठी होण्याआधीच दगावतात, मुली मुलग्यांपेक्षा किंचित कमी जन्मतात, म्हणून वरचं ०.१. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारताचा दर २.० आला आणि महाराष्ट्राचा १.७. म्हणजे राज्य ही पातळी ओलांडून केव्हाच खाली उतरलंय. दक्षिण कोरियात हाच दर २०२३ मध्ये ०.७२ होता, जगात सर्वांत कमी. दुसरीकडे आफ्रिकेतल्या नायजरमध्ये तो आजही सहाच्या आसपास आहे.

मग वाढ थांबत का नाही? कारण भरधाव एसटीचा ब्रेक दाबला तरी गाडी जागेवर थांबत नाही, थोडी पुढे जातेच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आता लग्नाच्या वयात आहे. त्यांनी घरटी दोनच मुलं होऊ दिली, तरी घरंच इतकी आहेत की जन्मांची संख्या मृत्यूंपेक्षा जास्त राहते. भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास शिखरावर जाईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

मराठवाड्यात या वेगाला आणखी एक गोष्ट हातभार लावते, आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही: लवकर लग्न. दोन घरांत प्रत्येकी दोनच मुलं आहेत असं समजा. एका घरात आई अठराव्या वर्षी झाली, तिची मुलगीही अठराव्या वर्षी. दुसऱ्या घरात हेच सव्विसाव्या वर्षी झालं. पहिल्या घरात ७२ वर्षांत चार पिढ्या जन्मतात, दुसऱ्या घरात तीनसुद्धा पुऱ्या होत नाहीत. मुलं तेवढीच, पण एका वेळी हयात असलेली माणसं जास्त. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातल्या, अठराच्या आत लग्न झालेल्या महिलांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. शेजारच्या परभणी आणि बीडमध्ये ते ४० टक्क्यांहून जास्त होतं. मुलींचं शिक्षण आणि आरोग्य हा त्यातला मोठा प्रश्न आहेच. लोकसंख्येचा हिशेब त्याच्या मागोमाग येतो.

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्यांना ग्रामपंचायतीसारख्या निवडणुका लढवता येत नाहीत, आणि २००५ पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाची अट आहे. मात्र केरळमध्ये जन्मदर त्याआधीच, अशा कोणत्याही अटीशिवाय खाली आला. तिथे मुली शाळेत जात राहिल्या.

माणसं जातात तेव्हा

लोकसंख्या जन्माने वाढते, मृत्यूने घटते, आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्थलांतर. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये सुमारे ८२ हजारांनी कमी झाली, सिंधुदुर्गचीही घटली. तिथली तरणी माणसं मुंबई-पुण्याकडे गेली. त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्के वाढला.

आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही. पण हैदराबाद आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी पाहिली की दिशा कळते. राज्यभर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, हा वाद सुरू आहेच. त्यामागे खासगी शाळांची ओढ आहे, पण कमी होत चाललेले जन्म आणि गाव सोडणारी कुटुंबंही आहेत.

१५ वर्षं जुना आकडा आणि आजचं रेशन

आता मुद्दा आपल्या खिशाचा. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि पुढे लांबतच गेली. आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. त्याआधी घरयादीचा टप्पा, मग प्रत्यक्ष माणसांची मोजणी. प्रगणक मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरतील, जातीचीही नोंद होईल, आणि ज्यांना हवं त्यांना स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरता येईल.

तोवर सगळा कारभार २०११ च्या आकड्यांवर चालतो. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात कोणत्या राज्यात किती लोकांना स्वस्त धान्य मिळणार, हे २०११ च्या लोकसंख्येवरून ठरलं. महाराष्ट्राचा वाटा सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचा. यालाच पुरवठा विभागात 'इष्टांक' म्हणतात. रेशन कार्डावर नवीन नाव चढवायला गेल्यावर 'इष्टांक संपला' हे उत्तर ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना आता त्याचं मूळ कळेल. कुणाचं नाव कमी झालं तर तुमचं लागणार.

फरक किती पडू शकतो? नांदेडपुरता अंदाज करू. हा सरकारी आकडा नाही, साधं गणित आहे. २०११ नंतर जिल्हा जुन्याच वेगाने वाढला असं धरलं, तर पंधरा वर्षांत लोकसंख्या साधारण ४२ लाख ४५ हजार होते. वेग दशकाला १० टक्क्यांवर आला असं धरलं, तर ३८ लाख ८० हजार. दोन्हींतलं अंतर साडेतीन लाखांहून जास्त आहे. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. त्या हिशेबाने हे अंतर कागदावर बारा केंद्रांचं भरतं. इंटरनेटवर 'नांदेडची आजची लोकसंख्या' शोधलं की शेवटच्या अंकापर्यंत नेमके आकडे मिळतात. ती कुणी केलेली मोजणी नाही. जुन्या आकड्यावर असाच काहीतरी टक्का लावून काढलेली ती उत्तरं आहेत. त्यांवर विसंबू नका.

तुम्ही कुठे मोजले जाणार?

शेवटची गोष्ट आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची. २०११ मध्ये माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली होती. नियम असा होता: या दिवसांत तुम्ही काही काळ तरी घरी असाल, तर घरच्या पत्त्यावर मोजले जाणार. पूर्ण काळ बाहेर असाल, तर जिथे असाल तिथे.

फेब्रुवारीत गळीत हंगाम सुरू असतो. कंधार, मुखेड, लोह्याकडच्या ज्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या असतात, त्या तेव्हा फडावर, कोप्यांत राहत असतात. या नियमाने त्यांची नोंद कारखान्याच्या गावात होते आणि त्यांच्या तांड्याचा, वाडीचा आकडा तेवढ्याने कमी भरतो. कोपीला घर क्रमांक नसतो, त्यामुळे नोंदच सुटण्याची भीती वेगळी. लातूर शहरात नेमकं उलटं. 'लातूर पॅटर्न'साठी नांदेड, बीड, परभणीहून आलेली हजारो मुलं फेब्रुवारीत परीक्षेच्या तयारीत वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत असतात. ती लातूरमध्ये मोजली जातात आणि शहराचा आकडा फुगतो. पाणी ती लातूरचंच पितात, त्यामुळे यात चुकीचं काही नाही. पण हंगाम संपवून वाडीवर परतणारी कुटुंबं पुढचे सहा महिने गावच्याच हापशावर पाणी भरतात, आणि गावची नळयोजना त्यांना वगळून आखलेली असते.

घरातलं कुणी फडावर असेल, तर फेब्रुवारीत ते कुठे असतील आणि त्यांचं नाव कुठे लागणार, हे आधीच ठरवून ठेवा. प्रगणक दारात आला, तर जे पूर्ण काळ बाहेर आहेत आणि जे मधे येऊन गेले, त्यांची माहिती वेगवेगळी सांगा. शिकायला बाहेर असलेल्या मुलांची नोंद वसतिगृहात झाली आहे का, हे फोन करून विचारा. एकाच माणसाचं नाव दोन्हीकडे लागणार नाही, आणि दोन्हीकडून सुटणारही नाही, एवढं पाहायचं.